पांढऱ्या केसांचा स्वार

इतिहासाच्या वर्गात दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांस एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांनी सांगत आलो आहे. ती अशी की, माणसाची आठवण हा पुरावा नव्हे. फार तर तो पुराव्याचा कच्चा माल होय. बखर अवश्य वाचावी, तिच्या भाषेचा आस्वाद घ्यावा, परंतु घडले काय व केव्हा, हा प्रश्न आला की त्या काळच्या कागदाकडे वळावे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले ते ह्याच हट्टापायी. हे सांगताना माझा स्वर जरा कठोर होतो असे विद्यार्थी आपसांत बोलतात, ते माझ्या कानांवर आले आहे. त्या कठोरपणाचे कारण मात्र त्यांस ठाऊक नाही. गेली तीस-पस्तीस वर्षे मी स्वतःच एका आठवणीच्या मागे होतो, आणि ती खरी ठरावी अशी माझी मनापासून इच्छा होती. अशा संशोधकावर इतरांनी विश्वास ठेवू नये, आणि त्याने स्वतःवर तर मुळीच ठेवू नये.

ती आठवण येणेप्रमाणे. रात्र आहे. समोर एक चौकोनी उजेड आहे आणि त्या उजेडात सर्व काही काळे-पांढरे आहे. एक स्वार घोडा भरधाव फेकीत जातो. मग आगगाडी येते. गाडी धावत असताना तिच्या टपावर तोच स्वार उभा दिसतो. त्याचे केस पांढरे आहेत, पण तो म्हातारा नाही. कोवळा पोरगा आहे. तो एका दांडग्या माणसास दोन्ही हातांनी उचलून थेट डोक्यावर धरतो. कोठेतरी एक तोंड झाकलेला मनुष्य आहे, आणि त्याची मला भीती वाटते. माझ्या उजव्या खांद्यावर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात आहे. ते हसत आहेत, आणि त्या हसण्याने तो हात हलतो आहे. आठवण येथे संपते. ह्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, ह्याचा मागमूसही मनात उरलेला नाही.

अण्णा १९८० च्या कार्तिकात गेले. मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो. गावातील एका जिनिंग कारखान्यात ते कारकून होते, आणि कापसाच्या हंगामात त्यांचे घरी येणे म्हणजे आम्ही मुले झोपल्यावर येणे असे. त्यांच्याविषयीच्या माझ्या आठवणी हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. एकीत ते सायकलीची साखळी बसवीत आहेत, एकीत दिव्याखाली हिशेब लिहीत आहेत, आणि बाकीच्या सर्व त्यांच्या आजारपणातल्या आहेत. हसणारे अण्णा माझ्यापाशी एवढ्या एकाच आठवणीत होते. तेव्हा तो चित्रपट कोणता, हा प्रश्न माझ्यापुरता निव्वळ कुतूहलाचा नव्हता, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

आमचे देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचे गाव. येथून थोडे पुढे गेले की वऱ्हाड संपून जालन्याकडचा मराठवाडा सुरू होतो. एके काळी इकडे इंग्रजांचा अंमल व तिकडे निजामाचा. गावाच्या नावातला 'राजा' ही सिंदखेडच्या जाधवरावांच्या घराण्याची खूण. आश्विनात बालाजी महाराजांची मोठी यात्रा भरते. सागाच्या उंच लाटा उभारून मंडप घालतात, आणि त्या उभ्या राहताना पाहण्यास सारी पंचक्रोशी लोटते. आगगाडी मात्र गावात नाही. जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आली आहे, आणि तिच्याविषयीची निवेदने एकत्र केली तर निदान एक डबा भरेल. सांगण्याचा हेतू एवढाच की, आमच्या गावच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने पाहिलेली पहिली आगगाडी ही पडद्यावरची असण्याचा संभव पुष्कळ होता.

पुढे पदवीच्या अभ्यासासाठी मी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेलो. तेथील ग्रंथालयात चित्रपटांच्या इतिहासावरील एक इंग्रजी ग्रंथ हाती आला व त्यात 'वेस्टर्न' हा शब्द प्रथम भेटला. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील गुराखी, दरोडेखोर व शेरीफ ह्यांच्या ह्या कथा. त्यांत घोडा असतो, पुष्कळदा आगगाडी असते, आणि तोंडाला रुमाल बांधलेला माणूस तर असावाच लागतो. एडविन पोर्टर ह्याने १९०३ साली काढलेला 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा अवघ्या बारा मिनिटांचा मूकपट ह्या घराण्याचा मूळपुरुष समजला जातो, आणि त्यातही धावत्या गाडीवर झटापट होऊन एकास खाली फेकून देतात. हे वाचताच माझ्या मनात दिवा लागला. आपण पाहिले ते असेच काहीतरी, अशी माझी खात्री झाली. आणि खात्री एकदा झाली म्हणजे शोध थांबतो व जुळवाजुळव सुरू होते, हे मला त्या वयात कोणी सांगितले नव्हते.

जुळवाजुळव पुढीलप्रमाणे झाली. माझी आठवण काळी-पांढरी होती. आमच्या यात्रेत फिरत्या चित्रपटाचे तंबू येत, परंतु माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५ च्या 'शोले'नंतरच्या काळात, चित्रपट म्हटला की तो रंगीतच असे मी गृहीत धरले. मग काळे-पांढरे ते कोठले? दूरचित्रवाणीवरचे, हे उघड होते. त्या वेळच्या साध्या संचावर रंगीत चित्रही काळे-पांढरेच दिसे. ह्यावरून ते चित्र दूरचित्रवाणीवर पाहिले असे ठरले. आणि वेस्टर्न ठरलेच होते, तेव्हा ते एखाद्या अमेरिकन मालिकेतील एक भाग असणार. अशी मालिका मला लवकरच सापडली. 'द लोन रेंजर' ही १९४९ ते १९५७ पर्यंत अमेरिकेत दाखविली गेली. तिचे एकूण २२१ भाग, आणि शेवटच्या हंगामाखेरीज सर्व काळे-पांढरे. नायक डोळ्यांवर मुखवटा लावणारा, घोडा पांढराशुभ्र. मुखवटा होता, घोडा होता, रंग नव्हते. १९८० नंतर आपल्या दूरदर्शनवर परदेशी मालिका दाखवीत असत. त्यांतच हीही असणार असे मी धरून चाललो. पांढरे केस मात्र कोठेच बसेनात. तेव्हा तो पांढरा रंग मुळात घोड्याचा असून आठवणीत स्वाराच्या डोक्यावर चढला असावा, असे एक चतुर स्पष्टीकरण मी तयार केले. आज त्या चतुराईची लाज वाटते. न बसणारा पुरावा समजावून सांगणे आणि त्याची वासलात लावणे ह्यांतील भेद मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवीत होतो.

ह्या निर्णयाचा परिणाम मात्र भयंकर होता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याच्या लहरी सह्याद्री ओलांडून आमच्यापर्यंत कोठून येणार? १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रसिद्ध प्रयोग झाला, पण त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. आमच्या भागातील छपरांवर अँटेनांचे सांगाडे दिसू लागले ते त्यानंतर. आमच्या आळीत पहिला संच माझ्या मामांनी आणला, तो १९८५ च्या दिवाळीत. अण्णांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. चित्र दूरचित्रवाणीवरचे, तर खांद्यावरचा हात अण्णांचा नव्हे. तो मामांचा असला पाहिजे. पोरक्या मुलाच्या मनाने मामांचा हात उचलून वडिलांच्या खांद्याला जोडला, आणि मामांचे हसणे वडिलांच्या मुखी घातले. एवढेच झाले होते.

हे अनुमान मी स्वीकारले, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला एक प्रकारचा अभिमानही वाटला. सत्यासाठी आपण आपली सर्वांत प्रिय आठवण बळी दिली, असे वाटण्यात एक सुख असते. त्या सुखाच्या भरात एक ढोबळ गोष्ट नजरेतून निसटली. १९८५ साली मी चौदा वर्षांचा होतो. चौदा वर्षांच्या मुलास पाहिलेल्या चित्राची कथा आठवते, निदान त्याचे नाव तरी आठवते. माझी आठवण तर सात-आठ वर्षांच्या मुलाची होती, ज्याला पडदा फार उंच व माणसाचा हात फार मोठा दिसतो.

ह्याच सुमारास मी वर्गात जिजाबाईंच्या विवाहाची कथा शिकवीत असे. आमच्या शेजारच्या सिंदखेडास लखुजी जाधवरावांच्या वाड्यात होळीचा रंग चालला आहे. मालोजी भोसले लहानग्या शहाजीस घेऊन आले आहेत. मुले एकमेकांवर रंग उडवितात. लखुजी कौतुकाने म्हणतात की जोडा छान शोभतो. आणि मालोजी तेवढ्यावरून सोयरीक झाल्याचे जाहीर करतात. ही कथा बुलढाणा जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? ग्रँट डफ ह्यानेही १८२६ साली ती आपल्या इतिहासात घेतली व ती होळी १५९९ ची धरली. परंतु जिजाबाईंचा जन्म १५९८ च्या आरंभीचा, असे आपण मानतो आणि दरवर्षी जानेवारीत सिंदखेडास तो दिवस साजराही करतो. दोन्ही तारखा खऱ्या धरल्या तर रंग उडविणारी मुलगी सव्वा वर्षाची होते. म्हणजे निदान एक तारीख चुकली आहे, किंवा रंग उडविणे हे पुढील काळातील बखरकाराने पुरविले आहे. उलट, लखुजी १६२९ साली दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारात आपल्या मुलांसह मारले गेले, ह्याबद्दल वाद नाही. मृत्यूची नोंद दरबार ठेवतो. रंगपंचमीची घरातली माणसे ठेवतात. मी विद्यार्थ्यांस सांगे, होळीची कथा गोड आहे म्हणूनच तिच्यावर अधिक संशय घ्या. आणि सांगताना मला मामांचा हात आठवे.

गेल्या वर्षी दसऱ्याला मी गावी गेलो होतो. आई आता ब्याऐंशीची आहे, कान ठीक आहेत, गुडघे नाहीत. यात्रेतील कर्ण्यांचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. माझा मुलगा तिला विचारीत होता की पूर्वी यात्रेत काय काय असे. ती सांगत होती: पाळणे, भांड्यांची दुकाने, तमाशा, तंबूतला सिनेमा. सांगता सांगता ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या मिशांची गोष्ट आठवते का रे तुले?"

कोणत्या मिशा, मला कळेना. मग तिने सांगितले. तिचे शब्द मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतले. ते तिच्याच बोलीत देतो. "यात्रेतल्या तंबूत हंटरवालीचा खेळ आला होता. हे तुले घेऊन गेले होते. तू मधातच मोठ्यानं इचारलं, अण्णा, याले मिशा काऊन नाहीत? हे म्हणे, लहान हाये तो अजून, मोठा झाला की येतीन. आजूबाजूचे सारे हसाले लागले. घरी आल्यावर चार दिवस ज्याले त्याले हेच सांगत होते."

मी तिला विचारले की हे मला इतकी वर्षे का सांगितले नाहीस. ती म्हणाली, "तू कधी इचारलंच नाही. अन् तुह्यापुढं त्यायचं नाव काढलं की तू उठून जात होता." हे खरे होते. सर्वांत जवळच्या साक्षीदाराची जबानी प्रथम घ्यावी, हे मी आजवर शेकडो विद्यार्थ्यांस सांगितले असेल.

आता आईची साक्ष तपासू. ती स्वतः तंबूत नव्हती. तिने ऐकले ते अण्णांच्या तोंडून. म्हणजे ही ऐकीव साक्ष होय. परंतु ती घटनेच्या त्याच रात्री ऐकलेली, चार दिवस पुनःपुन्हा ऐकलेली, आणि माझ्या शोधाविषयी काहीही ठाऊक नसताना, न विचारता दिलेली आहे. मी कोणते चित्र शोधतो आहे हे मी घरात कोणास कधीच सांगितले नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तिच्या साक्षीने माझी चूक तर कळतेच, पण ती चूक का झाली हेही कळते. तो स्वार मुळी पोरगा नव्हताच. ती बाई होती. म्हणून तिला मिशा नव्हत्या. आणि मुलाची गंमत करण्यासाठी अण्णा म्हणाले की तो अजून लहान आहे. सात वर्षांच्या मुलाने वडिलांचे म्हणणे खरे मानले, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्या स्वारास कोवळा पोरगा म्हणून मनात जपले. माझ्या आठवणीतील जो तपशील चुकीचा, तोच अण्णा तेथे होते ह्याचा सर्वांत भक्कम पुरावा निघाला. मामा असते तर ती थाप कोठून आली असती?

बाई, पुरुषी धाटणीचा वेष, पांढरे दिसणारे केस. एवढे हाती आल्यावर नाव सांगण्यास संशोधकाची गरज नाही. ती नादिया. तिचे खरे नाव मेरी इव्हान्स. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील. वडील इंग्रजी फौजेत होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब मुंबईस आले, आणि पहिल्या महायुद्धात ते मारले गेले तेव्हा ही सात वर्षांची होती. पुढे काही काळ पेशावरकडे राहून ती घोड्यावर बसण्यास शिकली. नाचली, सर्कशीत राहिली, आणि अखेर मुंबईस जमशेद व होमी वाडिया ह्या बंधूंच्या चित्रसंस्थेत आली. वाडिया हे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्यातले. त्यांचा वाडिया मूव्हीटोन परळास होता. १९४२ मध्ये त्याच जागी शांतारामबापूंचे राजकमल कलामंदिर उभे राहिले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची ही बाई हातात चाबूक घेऊन दुष्ट प्रधानाच्या शिपायांस झोडपते, असे चित्र वाडियांनी काढले खरे, पण ते विकत घेण्यास वितरक धजेनात. शेवटी बंधूंनी ते आपणच प्रदर्शित केले. ते चित्र म्हणजे १९३५ चे 'हंटरवाली'. त्यानंतर ती देशभर ह्याच नावाने ओळखली जाऊ लागली. सोनेरी केस काळ्या-पांढऱ्या फितीवर कसे दिसतात, हे वेगळे सांगावयास नको. ज्या पांढऱ्या केसांची मी घोड्याच्या आयाळीत विल्हेवाट लावली होती, ते अगदी बरोबर आठवलेले होते.

येथे एक गंमतीची गोष्ट आढळली. अमेरिकेत जॉन्स्टन मॅकली ह्या लेखकाने १९१९ साली झोरो नावाचा बुरखेधारी स्वार निर्माण केला. १९२० साली डग्लस फेअरबँक्सने त्याला पडद्यावर आणले, आणि ते चित्र हिंदुस्थानातही तुफान चालले. जमशेद वाडिया फेअरबँक्सचे भक्त. त्यांनी १९३१ साली झोरोच्या वळणावर 'दिलेर डाकू' हा मूकपट काढला, आणि त्याच वाटेने पुढे 'हंटरवाली' आली. तिकडे १९३३ साली डेट्रॉइटच्या आकाशवाणी केंद्रावर लोन रेंजर अवतरला, त्याच्याही रक्तात झोरोच होता. म्हणजे मी वीस वर्षे ज्या मुखवटेधारी अमेरिकन स्वाराच्या मागे लागलो होतो तो आमच्या तंबूतील बाईचा चुलतभाऊ निघाला. नादियाच्या एका जर्मन चरित्राचे नावही 'झोरोची सोनेरी केसांची बहीण' अशा अर्थाचे आहे. माझी शोधाची दिशा चुकली होती, घराणे चुकले नव्हते. एवढे समाधान मी मानून घेतो.

चित्र नादियाचे हे ठरले, तरी ते कोणते हे ठरावयाचे होते. आई 'हंटरवालीचा खेळ' म्हणते, पण ते नाव चित्राचे की नटीचे? खेड्यापाड्यांत नादियाचे कोणतेही चित्र आले तरी लोक 'हंटरवाली आली' असेच म्हणत, तेव्हा ह्या शब्दावर भार टाकता येत नाही. भार टाकावयाचा तो आगगाडीवर. नादियाच्या चित्रांत दोन नावे तरी थेट लोहमार्गावरची आहेत: १९३६ चे 'मिस फ्रंटियर मेल' आणि १९४९ चे 'दिल्ली एक्स्प्रेस'. पहिल्याचे नाव ज्या गाडीवरून आले ती फ्रंटियर मेल १९२८ पासून मुंबई व पेशावर ह्यांच्या दरम्यान धावत असे. होमी वाडियांच्या ह्या चित्रात नादिया एका स्टेशनमास्तरची मुलगी सविता आहे. बापावर खुनाचा खोटा आळ येतो, आणि तो दूर करण्यासाठी ती खऱ्या गुन्हेगाराच्या मागे लागते. तो गुन्हेगार म्हणजे 'सिग्नल एक्स' ह्या नावाने वावरणारा, आपला चेहरा झाकणारा गूढ पुरुष.

हे चित्र सुदैवाने शिल्लक आहे. संगणकाच्या पडद्यावर मी ते एका रात्री एकटाच पाहत बसलो. धावत्या गाडीच्या टपावर नादिया आली, तिने त्या दांडग्यास उचलून डोक्यावर धरले, आणि मी यंत्र थांबविले. पुढचे बराच वेळ पाहिले नाही.

आक्षेप राहतात, ते लपविणे बरे नव्हे. १९३६ चे चित्र १९७८ च्या यात्रेत कसे येईल? फिरत्या तंबूवाल्यास नवी प्रत परवडत नसे. शहरांतून निवृत्त झालेली जुनी, ओरखड्यांनी भरलेली रिळे स्वस्त भाड्याने मिळत, आणि हाणामारीच्या चित्रास भाषा लागत नसल्याने ती वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरत. काळे-पांढरे म्हणजे दूरचित्रवाणी, हे माझे गृहीत येथेच कोसळते. यंत्रासकट सारा खेळ एका ट्रकवर लादून यात्रेमागून यात्रा करणाऱ्या ह्या लोकांवर निघालेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा अनुबोधपट २०१६ साली कान येथील महोत्सवात गौरविला गेला. तो पाहताना मला तंबूच्या कापडाचा व जनित्राच्या धुराचा वास आला. पण वासाचा पुरावा मी मांडणार नाही.

दुसरा आक्षेप घोड्याचा. माझ्या आठवणीत स्वार प्रथम भरधाव घोड्यावरून जातो आणि मग गाडीवर दिसतो. हा घोडा मी 'मिस फ्रंटियर मेल'च्या पदरी घालू इच्छीत नाही. नादियाच्या इतर चित्रांत 'पंजाब का बेटा' नावाचा घोडा असे. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तो आहे. त्या चित्रातले गाव, त्यातला जुलमी कारभारी, मुंबईहून शिकून आलेली नायिका व सज्जन दरोडेखोर पाहिले की वेस्टर्न म्हणजे काय ते निराळे विचारावे लागत नाही. यात्रेत एका रात्री दोन-तीन खेळ होत, रिळे तुटत, आणि तुटलेला भाग गाळून पुढचा लावीत. तेव्हा अण्णांबरोबर मी दोन चित्रे पाहिली असतील आणि मनाने ती एकास एक जोडली असतील. किंवा तो घोडा तंबूबाहेर यात्रेतच पाहिला असेल. गाडी, उचललेला माणूस, झाकलेला चेहरा, पांढरे केस आणि मिशा ह्या पाच गोष्टी मी सिद्ध मानतो. घोडा मी संशयास्पद म्हणून वेगळा ठेवतो.

सालाबद्दलही एक शब्द. आई म्हणते धाकटी बहीण त्या वेळी पाळण्यात होती. बहिणीचा जन्म १९७८ च्या श्रावणातला. तेव्हा ती यात्रा १९७८ च्या आश्विनातली धरावी. अण्णांचे दुखणे पुढल्या वर्षी सुरू झाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते चित्र आईस दाखविण्यास नेले. आईने आपल्या हयातीत नादियाचे एकही चित्र पाहिले नव्हते. तिने तो खेळ अण्णांच्या तोंडून ऐकला होता एवढेच. चष्मा पुसून ती अगदी जवळ बसली. स्टेशन, मास्तर, खून, हे सर्व तिने निमूटपणे पाहिले. गाडीच्या टपावरचा प्रसंग आला, नादियाने तो माणूस डोक्यावर उचलला, आणि आई एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "एकच उचलला? यायनं सांगितलं होतं तवा तर दोन उचलले होते."